देवाचा गुडघा

वडगावात एक गृहस्थ पॉवरलूम चालवतात. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. फुटबॉलची एकही मॅच चुकवत नाहीत, पण तोंडातून कौतुक म्हणाल तर "बरा खेळला" एवढंच, तेही मान दुसरीकडे वळवून. कॉमेंटरीचा माईक माझ्याकडे. साधा पास गेला तरी मी "जादूगार!" म्हणून ओरडणार. पोटासाठी माग चालवणाऱ्या आमच्या स्ट्रायकरला तर मी पार देव करून टाकलं होतं. अण्णा खालून विचारायचे, "नारळ फोडू काय रं?"

फायनलच्या हाफटाइमला ह्या देवाचा गुडघा टम्म सुजला. आम्ही एका गोलनं मागं. पब्लिक ओरडायला लागलं, "देव पायजे!" आणि त्यात सगळ्यात मोठा गळा माझा. "देवाला कुठं दुखतं काय, मंडळी?" असंही मी माईकवर बोलून गेलो. ते ऐकून तो बिचारा खरंच लंगडत उठला.

अण्णांनी स्कूटर सरळ मैदानात घातली. त्याचे बूट काढून डिकीत टाकले आणि त्याला मागं बसवलं. शिव्या सुरू झाल्या. फाटकात माणसं आडवी उभी राहिली. अण्णांनी इंजिन बंद केलं नाही.

"देव तुमचा आसंल, पाय ह्याचा हाय," ते म्हणाले. "उद्या ह्याचा माग चालवाय तुमी येणार काय? सरका!"

कोणी हललं नाही. मग मी माईक तोंडाशी धरला आणि पहिल्यांदाच एकही विशेषण न लावता बोललो, "वाट द्या त्यास्नी."

त्यावर मलाही शिव्या बसल्या, पण फाटक मोकळं झालं.