फुकट झालेला दुसरा भाग

अक्कलकोटच्या एसटीत माझ्या शेजारी एक मिशीवाला बाप्या बसला होता. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मोबाइल आणि चेहरा सुतकातला. मी विचारलं, “कोण गेलं रे बाबा?”

“गेलं कुणी न्हाय, आजी. गेमचा दुसरा भाग आलाय, त्योबी फुकट! पहिला मी पैसे भरून घेतला. आख्ख्या कारखान्यात माझ्या एकट्याकडं हुता, समदी बघाया यायची. आता कुणीबी खेळंल की! मी तर हात लावणार न्हाय.”

असं म्हणत त्याने टॉवेलच्या टोकाने काच पुसली आणि तोच फुकटचा भाग उघडला. मध्येच जाहिरात लागली. मोबाइल माझ्यापुढे धरून त्याने डोळे मिटले. “ही तुमी बघा, आजी. माझा निषेध हाय.”

केवढं हे तत्त्व! मी जाहिरात इमानदारीने बघितली, त्याला गेममध्ये बक्षीस म्हणून तलवार मिळाली.

पण हसणारी मी कोण? आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही माझा. शेजारणींना सतरंजीवर बसवून मी खुर्चीत मिरवायचे. पुढे घरोघरी टीव्ही आले, तेव्हा रागाने मी आमचा बंदच ठेवला. आणि मालिका चुकू नये म्हणून शेजारणीच्या सतरंजीवर जाऊन बसले.