पाइनच्या गाठी

कारखान्यात आलेल्या एका यंत्राच्या लाकडी खोक्यातून निघालेल्या पाइनच्या फळ्यांचं मी आईच्या खोलीत एक शेल्फ केलं आणि घाईघाईने पांढरा रंग दिला. यंदा ऊन तापलं तसे रंगावर पिवळे, चिकट डाग उमटले.

शेजारच्या सुतारकाकांनी डागावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "रंगाआधी गाठींना लाखेचा चपडा लावला नाहीस ना? पाइनच्या गाठीत राळ असते. झाड तोडून वर्षं होऊ देत, उन्हाळ्यात गाठ पाझरतेच. आता रंग घासून काढू, चपड्याचे दोन हात देऊ. मग राळ आतच राहील."

आई दारात उभी राहून ऐकत होती.

माझा धाकटा भाऊ गेला, त्याला नऊ वर्षं झाली. तेरावा झाला आणि आम्ही घरात त्याचं नाव काढणं बंद केलं. आईला त्रास नको म्हणून. तीही घाईच होती, हे मला त्या डागांकडे बघताना कळलं.

"रंग काढा," आई काकांना म्हणाली. "पण वर काही लावू नका. गाठी दिसू देत."

शेल्फ आता उघडंच आहे. दुपारी गाठी पाझरल्या की आई तेलाच्या फडक्याने पुसत बसते, आणि पुसता पुसता मला त्याच्या लहानपणीचं काहीतरी सांगते.