आईची डाळ शिजेना

परवा रविवारी आमच्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये, गॅसच्या ओट्यावर, एक प्रयोग झाला. आधीच सांगते, मी कॉमर्सवाली. दहावीला विज्ञानात काठावर पास झालेली बाई प्रयोग करते म्हणजे कारण तसंच असणार...

कारण होतं आई. साताऱ्याचं घर बंद करून ती जानेवारीत माझ्याकडे चेन्नईला राहायला आली. पन्नास वर्षं पंगतीच्या पंगती उठवलेली बाई, आल्या दिवशीच तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आणि तिची डाळ शिजेना.

कुकरच्या सहा शिट्ट्या, आठ शिट्ट्या... वरणात दाणे ते दाणेच. आईने आधी दुकानदाराला नावं ठेवली, मग कुकरच्या रिंगला. मग साताऱ्याहून डाळ मागवली. तीही तशीच!

होळीला तर कहर झाला. पुरणाची डाळ यंत्रातून उतरेना, कणी राहिली, पोळ्या तव्यावर फुटल्या. आईने गॅस बंद केला, हात धुतले आणि म्हणाली, "माझा हात गेला आता. वय झालं."

त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. डबा लावला आम्ही. ती दिवसभर बाल्कनीत बसून राहायची, मी गिंडीच्या ऑफिसातून परत आले की त्याच खुर्चीत दिसायची. मला भयंकर भीती वाटायला लागली.

समोरच्या मंजुळाअक्का तंजावरच्या मराठी. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ. त्यांना हे कळलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "अय्यो, बोअरचं पाणी हे. उप्पु तण्णी! ह्यात डाळ शिजत नाही, बाई." उप्पु तण्णी म्हणजे खारं पाणी. आमच्याकडे कॅनचं पाणी फक्त प्यायला. विकतचं पाणी आमटीत ओतायचं हे आईच्या हिशेबात बसणारच नव्हतं.

पण आईला पटेना. "माझी समजूत काढताय दोघी," एवढंच म्हणाली.

शनिवारी अंघोळ करताना माझी ट्यूब पेटली. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर... आणि शाळेतला एक शब्द इतक्या वर्षांनी वर आला. दुष्फेन पाणी! तेव्हा तो मी नुसता पाठ केला होता. मग फोनवर शोधाशोध केली. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमसारखे क्षार जास्त असतात, ते डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवतात, म्हणून दाणा लवकर मऊ होत नाही म्हणे.

हे सगळं आईला सांगून उपयोग नव्हता. ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

रविवारी सारख्या दोन वाट्या घेतल्या, एकीला पोचा आलेला. दोन्हीत साताऱ्याची मूठमूठ तूरडाळ. एकीत नळाचं पाणी, एकीत कॅनचं... पण ते अक्कांनी ओतलं, आम्हाला दोघींना बाहेर काढून. ही अट आईची! "तुझ्या चेहऱ्यावर दिसतं सगळं," म्हणाली. बघा, शास्त्रज्ञ कोण ते.

एकच कुकर, चार शिट्ट्या. वाफ जाईपर्यंत तिघी ओट्यापाशी उभ्या. मी मनात गणपतीला नवस बोलत होते, विज्ञानाच्या प्रयोगाला!

झाकण निघालं. आईने पोचा असलेल्या वाटीतली डाळ बोटांत दाबली. दाणा तसाच. दुसऱ्या वाटीत नुसता चमचा फिरवला आणि डाळीचं लोणी झालं.

"हे कॅनचं," आई म्हणाली. अक्कांनी मान डोलावली.

आईने दोन्ही वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं... "डाळ तीच. कुकर तोच. शिट्ट्या त्याच. मग माझा हात नव्हता गेला गं..." आणि रडली. मीही रडले. अक्का म्हणाल्या, "आता फोडणी कोण घालणार?"

आईने घातली. महिन्याभराने आमच्या घरात हिंगाचा वास आला. तिघी वरणभात जेवलो, अक्कांनी दोनदा वाढून घेतलं.

आईचा हात गेलेला नाही, हे मी तिला रोज सांगत होते. माझ्या सांगण्याने जे झालं नाही ते दोन वाट्यांनी केलं. शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाई कुठे असतील कोण जाणे... त्यांना मनापासून नमस्कार.

आज ऑफिसला निघताना आईने मला दारात अडवलं. "येताना लवकर ये. दोन वाट्यांत दही लावलंय, एक फ्रिजवर आणि एक खिडकीत. कुठलं आधी लागतं ते बघायचंय."