तंबाखू मळेपर्यंत

वारूळवाडीतल्या त्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात घड्याळ नव्हतं. मशीनचा वेग तो तंबाखू मळून मोजायचा. ज्यावर मी लग्नपत्रिका करायचो तो माझा जुना ४८६ कॉम्प्युटर आणि त्याच्याकडचा नवा पेंटियम त्याने शेजारी ठेवले, एकच पत्रिका दोन्हींवर उघडली. जुन्यावर ती उघडेपर्यंत तंबाखू मळून दाढेखाली गेली. नव्यावर चुनाही लावून झाला नाही.

“लई पळतंय राव! देऊन टाका,” मी म्हणालो.

“थांबा भाऊ.” त्याने दोन्हींवरून पत्रिका माझ्याच प्रिंटरवर छापून पाहिली. छापायला दोन्हींनाही सारखीच तंबाखू लागली. “तुमचा येळ प्रिंटर खातोय. ह्यो घिऊन काय करनार?”

नवा पेंटियम त्याने परत खोक्यात भरला. दुकानात विकायला तेवढा एकच होता, आणि त्या आठवड्यातलं गिऱ्हाईक मी एकटाच.