सासूबाईंनी डॉक्टरांपुढे केलेलं माझं कौतुक

आमच्या बहादरपुरात माणूस बरा आहे की नाही, हे तो किती जणांना जेवायला बोलावतो यावरून ठरतं. हिवाळ्यात भरताची वांगी आली की केळीच्या बागेशेजारी पार्टी ठरलेली. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर घाम फुटेपर्यंत खायची. त्या वर्षी मी अख्ख्या गल्लीला बोलावलं. मग शेजारच्या गल्लीला वाईट वाटू नये म्हणून तिलाही. मग शाहपूरच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या, ओळखदेख नसलेल्या मंडळींनाही. नवरा वांगी आणून आणून दमला, आणि मी मोबाइलवर गाणी लावून नाचत नाचत भाकऱ्या वाढत होते. "सून एकदम झकास झाली आता," असं सासूबाई येईल त्याला सांगत होत्या.

त्याआधी काही महिने मी अंथरुणाला खिळले होते. ताप नाही, खोकला नाही, पण केस विंचरायलाही हात उचलत नव्हता. जेवण मातीसारखं लागायचं आणि आपण या घरावर भार आहोत हे मला अगदी पटलेलं होतं. सासूबाईंनी मीठ-मोहरीनं नजर काढली, नवऱ्यानं रक्त तपासून आणलं, शेवटी एका डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या. काही आठवड्यांनी मी उठले ती थेट उडालेच. घरच्यांनी आनंदानं त्या डॉक्टरांना मावा जिलेबी नेऊन दिली.

उडून काय काय केलं ते सांगताना मला आजही हसू आवरत नाही. गोठा गुलाबी रंगवला. अगदी लग्नातल्या मंडपासारखा गुलाबी! म्हैस आत पाऊल टाकायला तयार होईना. केळीच्या खोडाचा धागा काढून पर्स बनवायच्या आणि दुबईला पाठवायच्या, असं ठरवून बचतगटाच्या बायका गोळा केल्या. त्या येऊन बसेपर्यंत मी पर्स सोडून मेणबत्त्यांवर पोचले होते. नवरा म्हणाला, "अगं, श्वास तर घे." मी म्हटलं, "माझ्या वाटचा तुम्हीच घ्या." झोप तर मला लागतच नव्हती, आणि तिची गरजही वाटत नव्हती. याच धुंदीत एकदा मी नवऱ्यावर चारचौघांत अशी तुटून पडले की भांडणाचं कारण आता आठवत नाही, त्याचा पडलेला चेहरा मात्र आठवतो. मग एके दिवशी सगळा जोर ओसरला आणि मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आमच्या घरचा हिशेब सरळ होता. पडून राहणं म्हणजे आजार आणि गावजेवण म्हणजे बरं होणं. डॉक्टरकडे जाऊन माणूस दुखणं सांगतो, आपण किती मजेत होतो ते कोण सांगत बसतं?

दुसऱ्यांदा मला शहरातल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. नवऱ्याची केळी कापणीला आली होती, म्हणून सासूबाई आल्या. बाईंनी झोप, भूक, रडू, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, सगळं शांतपणे विचारलं. मग म्हणाल्या, "याच्या उलट कधी होतं का? खूप उत्साह, खूप बोलणं?" मी मान हलवून नाही म्हटलं, आणि ते मला खरंच वाटत होतं.

सासूबाईंना वाटलं, ही बाई आपल्या सुनेला आळशी समजतेय. त्या खुर्चीत पुढे सरसावल्या.

"तशी नाही हां माही सून! तुमी तिले आज पाह्यलं म्हनून. मूडमधी आली तं दहा बायांचं काम एकटी करते. पुरा गोठा रंगवला तिनं, गुलाबी! अर्ध्या गावाले भरीत खाऊ घातलं!"

"आणि झोप?" बाईंनी विचारलं.

"झोपतेच कुठी! हप्ता-हप्ता झोपत नाही, तरी चेहरा एकदम फ्रेश."

"चिडायच्या?"

"तेज हाय ना! माह्या लेकाले असं झापलं, असं झापलं, का तो दोन दिवस बोलला नाही," सासूबाई छाती फुगवून म्हणाल्या.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत." मग त्यांनी समजावलं. मूड तर सगळ्यांचाच येतो-जातो. पण तो दिवसचे दिवस एकाच टोकाला अडकून बसला, झोप उडाली, घरच्यांना माणूस अनोळखी वाटू लागला, तर विचारायला हवं. माझं पडणं आणि उडणं ही एकाच आजाराची दोन टोकं असावीत, त्याला बायपोलर म्हणतात. नुसत्या उदासीवरच्या गोळ्यांनी काहींचं उडणं आणखी भडकतं, म्हणून औषध बदलायचं, पण मनानं काहीच बंद करायचं नाही. पुढच्या खेपेला नवऱ्यालाही त्यांनी बोलावलं.

मला राग आला. उदासी खुशाल घेऊन जा, पण ते नाचणं, तो गुलाबी गोठा, तोही आजार? मग माझं म्हणून काय उरलं? मी विचारलं, "म्हणजे मी आता खूश व्हायचंच नाही का?" बाई म्हणाल्या, "व्हायचं की! फक्त झोपेवर लक्ष ठेवा."

बाहेर येताच सासूबाईंचे डोळे भरून आले. "म्या तारीफ कराले गेली न् तुले बिमारी लावून देली." मी त्यांचा हात धरला आणि रिक्षा थांबवली.

नव्या गोळ्यांनी हळूहळू जमीन पायाखाली आली. पण घराला माझ्या हसण्याची धास्ती बसली. मी स्वयंपाकघरात गुणगुणले की नवरा दारातून डोकावायचा. मोबाइल पाहून हसले की सगळे एकमेकांकडे पाहायचे. मग मीच हसू आलं की पदर तोंडाला लावायला लागले. बरी झाले होते आणि हसायला चोरी झाली होती. याचं मला फार वाईट वाटायचं.

अशात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून त्या उन्हातून घरात आल्या, खाटेवर ऐटीत बसल्या आणि कोपऱ्यातल्या गॅस सिलिंडरकडे पाहून म्हणाल्या, "या भाऊ, उभे काऊन? बसा ना. चहा ठेव वं."

मला पदर घ्यायला वेळच मिळाला नाही. मी खो खो हसत फरशीवरच बसले. थांबायचा प्रयत्न केला की "भाऊ" दिसायचे आणि पुन्हा उसळी यायची. नवरा मागच्या दारातून धावत आला. मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. मी हसू दाबत पदर तोंडाशी नेला.

सासूबाईंनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला.

"रातच्याले झोपली व्हती का वं?"

"झोपले होते, आई."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"मंग हास."