आईचं लुगडं बदलताना

त्या नवरात्रात माझं देवीशी बिनसलं होतं. कर्करोगामुळे डावा स्तन काढला, तेव्हाच डॉक्टरांनी त्या जागी इम्प्लांट बसवलं. गारखेड्याच्या सुनंदाताईंचंही त्याच आठवड्यात, त्याच दवाखान्यात, अगदी हेच ऑपरेशन झालं. आमची ओळखही तिथलीच. त्यांची जखम बघता बघता भरली आणि बाई मापाची ब्लाउजं शिवून मिरवू लागल्या. माझ्या जखमेत मात्र पाणी साचलं, सुईनं काढलं, पुन्हा साचलं. दोघी एकाच देवीआईच्या लेकी, मग एक तुपाशी आणि एक उपाशी का? त्यांचा फोन आला की माझ्या पोटात दुखायचं. खुशाली विचारायला केलेला फोनसुद्धा मला टेंभा मिरवल्यासारखा वाटायचा.

अष्टमीला सकाळी छातीवर लाली दिसली, अंगात कणकण होती. लाली किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण गेले तर इम्प्लांट काढतील ही धास्ती. सुनंदाताई भरल्या अंगानं हिंडणार आणि मी सपाट? नवऱ्याला लालीचं काही न सांगता, ओटी भरायची म्हणून मी यांच्या मागं स्कूटरवर बसून पडेगावच्या पुढं एका लहानशा देवळात गेले. वाटेभर एकच घोकत होते, आई, माझं राहू दे. आणि राहणार नसेल, तर त्यांचंही जाऊ दे.

आईला लुगडं नेसवायची वेळ होती. गुरवीण मावशींनी चादरीचं टोक माझ्या हाती दिलं, "बाई, जरा आडोसा धर." जुनं लुगडं उतरलं, चोळी उतरली आणि मी बघतच राहिले. जिच्या भरजरी चोळीकडं बघून इतकी वर्षं हात जोडले, तिला छातीच नव्हती. शेंदरानं माखलेला बिनघडीव दगड आणि त्यावर चांदीचे दोन डोळे.

"मावशी, आई अशी?"

"अशीच हाय ती. नेसवतो ते आपण, आपल्या हौसेनं."

मला रडू फुटलं. मावशींनी माझा हात धरला आणि त्या दचकल्या. "अगं माय, लई तापलीस की! आधी दवाखाना गाठ. ओटी म्या भरते तुझ्या नावानं."

एरवी मी हट्टानं थांबले असते. त्या दिवशी मुकाट बाहेर आले आणि यांना सगळं सांगितलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. आत पू झाला होता, इम्प्लांट काढावंच लागलं. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. जखम नीट भरली की पुढचं बघू, असंही म्हणाले. याला चमत्कार म्हणावं का, ते मला कळत नाही. आईनं मला राखलं, एवढं कळतं.

सुनंदाताई भेटायला आल्या, नवं ब्लाउज घालूनच. मी तोंडावरच म्हणाले, "ताई, तुमचा लई हेवा वाटतो मला."

त्या हसल्या नाहीत. "मी रोज उठले की आधी आरशात लाली शोधते," म्हणाल्या. "शिवणकाम काढते ते भीती विसरायला."

त्या गेल्यावर मी हात जोडले. त्यांचं सुखरूप राहू दे, म्हणाले. मनापासून म्हणाले की नाही, ते आईलाच ठाऊक. तेवढंही मी आता तिच्यावरच सोडलं आहे.