गाडीत बोललेलं

अमेरिकेत डुलुथला टेकडीच्या उतारावर एक चर्च आहे. त्याच्या तळघरात व्हर्ना लिंडक्विस्टची माँटेसरी बालशाळा होती. तिथला नियम तीन वर्षांच्या पोरांनाही पाठ होता: फडताळात मांडलेल्या साहित्यातलं हवं ते काम घ्या, हवा तितका वेळ करा, पण बाईंनी एकदा दाखवलेलंच घ्या, आणि झालं की जागच्या जागी ठेवा. मोकळीक किती नि शिस्त किती, हे तोलण्यात व्हर्नाचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

ट्रेसा तिथे आधी आली ती एक आई म्हणून. तिची मुलगी सिग्ना शाळेत तोंडच उघडत नसे. व्हर्नाने तिला बोलायला लावलं नाही. रोज शेजारी बसून मणी ओवून दाखवायची आणि उठून जायची. एके सकाळी सिग्ना शेजारच्या पोराला म्हणाली, "हळू, सांडेल!" दारात उभी असलेली ट्रेसा ढसाढसा रडली. पुढे व्हर्नानेच तिला शिकवून मदतनीस म्हणून हाताशी घेतलं.

पुढच्या एका हिवाळ्यात लीफ नावाचा मुलगा शाळेत आला. तो फक्त पाणी ओतायचा, या जगमधून त्या जगमध्ये. बोटाने गिरवायच्या सँडपेपरच्या अक्षरांकडे ढुंकूनही बघत नसे. एका संध्याकाळी बर्फात ट्रेसाला घरी सोडताना व्हर्ना म्हणाली, "कधी कधी वाटतं गं, मी त्याचं वर्ष वाया घालवतेय. थोडं बोट धरून न्यायला हवं होतं का?"

"काहीतरीच काय! तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

दुसऱ्या दिवसापासून व्हर्ना पाण्याआधी त्याला एक अक्षर दाखवू लागली. तो त्यावरून बोट फिरवायचा आणि पाण्याकडे पळायचा. तिला तेवढं पुरे होतं.

पालकांच्या बैठकीला व्हर्नाने लिंबाच्या वड्या करून नेल्या होत्या. वड्या फिरत असतानाच ट्रेसा उभी राहिली.

"मुलं भरकटताहेत. लीफचं वर्ष वाया गेलं, असं बाईच म्हणाल्यात."

व्हर्नाला क्षणभर कळेचना, कुठल्या बाई.

"ते मी गाडीत बोलले होते, ट्रेसा. तुझ्याशी."

"पण म्हणालात ना?"

नाही कसं म्हणणार? कुणी तिच्याकडे बघेना. मग शाळा समितीचे अध्यक्ष हॉगन खाकरून म्हणाले, "आमचं ट्रेसाशी बोलणं झालंय. वेळापत्रक ती बघेल. तुम्ही आहातच की सल्ल्याला." म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं, आणि ट्रेसा रोज सकाळी तिच्यासोबत चटया झटकत होती.

ट्रेसाच्या वेळापत्रकाबरोबर घंटा आली. घंटा झाली की काम बदलायचं. लीफचा जग अर्धा ओतून झाला होता. त्याने ट्रेसाकडे नाही, व्हर्नाकडे बघितलं. "एवढं ओतू?"

"उद्या हं, राजा," ट्रेसा गोड आवाजात म्हणाली.

व्हर्नाने त्याच्या हातातून जग घेतला आणि फडताळात ठेवला. हे आपल्याच हातून झालं, हे तिला फार लागलं. त्याच दुपारी तिने शाळा सोडली.

आता तिच्या घरीच पाच-सहा मुलं येतात. डॉरिट नावाची मुलगी मदतीला असते. चांगली आहे, शिकायची हौस आहे. परवा एका पोरीकडे बघत तिने विचारलं, "हिला अक्षरं दाखवायची का आता? की थांबायचं? तुम्हाला काय वाटतं?"

व्हर्नाला काहीच नक्की वाटत नव्हतं. पूर्वी अशा वेळी ती तासभर बोलली असती.

"दाखव," ती म्हणाली, आणि चटया गुंडाळायला लागली.